नियोजन भाऊ

धाराशिवच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. पंख्याखालची, खिडकीलगतची आणि चार्जिंगच्या पिनेशेजारची, असे तिन्ही योग जुळून आलेल्या खुर्चीवर नियोजन भाऊ बसलेले असतात. वय अठ्ठाविशीच्या पुढं, म्हणजे खुल्या गटातून पोलीस भरतीचं ग्राउंड सुटलेलं. पण राज्यसेवेची ३८ची मर्यादा अजून लांब, त्यामुळे चेहऱ्यावर घाई नाही. टेबलावर राज्यघटनेचा जाडजूड 'लक्ष्मीकांत' असतो. त्याच्यामुळं कार्डशीट उडत नाही.

कार्डशीट हाच भाऊंचा मुख्य विषय. इतिहास लाल, भूगोल हिरवा, राज्यघटना निळी. अर्थशास्त्राला जांभळा रंग हवा होता, तो आणायला अख्खा शनिवार गेला. पट्टीनं रेघा मारल्या जातात, पहाटे साडेचारपासूनचे चौकोन पडतात. एका चौकोनात 'चालू घडामोडी', दुसऱ्यात 'उजळणी'. ज्याचं पहिलं वाचन व्हायचंय त्याची उजळणी कधी, हे विचारायचं नाही.

"भाऊ, काय करायलाव?"

"प्लॅनिंग करायलो. सोमवारपासून लावतो."

सोमवार हुकला तर मंगळवारी सुरू करता येत नाही, आठवडा मोडतो. मग पुढचा सोमवार. महिना अर्धा सरला असेल तर थेट एक तारीख.

दुपारी एक ते साडेतीन हा चौकोन कोरा दिसतो. एका आगाऊ पोरानं त्याबद्दल विचारलं, तेव्हा भाऊ गंभीर झाले. "तुळजापूरची आई वर्षातून तीनदा निद्रा घेती. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. देवीच्या वेळापत्रकात झोप बसती, आमच्या का बसू नये?" बिनतोड मुद्दा. देवी आधी महिषासुर मारते आणि मग श्रमनिद्रेला जाते, एवढा भाग मात्र भाऊंनी ऑप्शनला टाकलाय.

आता भाऊंना हसणं सोपं आहे, आणि मी हसतोच. पण त्यांचं वेळापत्रक चुकतं ते आठवड्यानं. लोकसेवा आयोगाचं? २०२४ची राज्यसेवा पूर्व २८ एप्रिलला होती. ती पुढं ढकलली. मग २५ ऑगस्ट ठरली, तर त्याच दिवशी बँकेच्या भरतीचा पेपर निघाला. पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, तारीख पुन्हा गेली आणि अखेर परीक्षा झाली १ डिसेंबरला. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांवर अर्ज. खुल्या गटाला फॉर्मचे हजार रुपये. असल्या हिशेबात माणसाच्या हातात उरतं काय? पट्टी आणि स्केचपेन. तेवढंच भाऊ जोरात चालवतात.

उमेदवारी मात्र चोख. नॉन क्रिमीलेअरची मुदत कुणाची कधी संपते, सेतू केंद्रात गर्दी कधी नसते, फोटोचा आकार किती केबीत बसवायचा, हे सगळं भाऊंना तोंडपाठ. अख्खी अभ्यासिका त्यांच्याकडून फॉर्म भरून घेते. त्यातली दोघं-तिघं लागली, पेढे देऊन गेली. भाऊंनी पेढा खाल्ला आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांचं पुनर्नियोजन केलं.

ऑगस्टातली तारीख गेली तेव्हा अभ्यासिकेत शिव्यांचा नुसता पाऊस पडला. एक पोरगं पुस्तकं बांधून कळंबला गावी निघून गेलं. भाऊ तेवढे शांत. डिसेंबरची तारीख आली त्या संध्याकाळीच ते स्टेशनरीच्या दुकानात उभे. "जरा मोठी कार्डशीट दाखवा. दोन महिने बसले पाहिजेत."

गावाकडून फोन आला तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं.

"परीक्षा झाली का रे?"

"नाही तात्या, पुढं गेली. डिसेंबरात."

"मग रिकामाच हाईस की. रास होईस्तोवर ये गावाकडं."

भाऊंनी नव्या कार्डशीटवर नजर फिरवली. सगळे रंग भरून झाले होते.

"रिकामा कुठला तात्या, आता तर श्वास घ्यायला वेळ नाही. दुपारी एकनंतर फोन करा, तवा मोकळा असतो."