पँट भाजीला जाते

आमच्या घरात पँट जुनी झाली हे ठरवायचा अधिकार मला नाही. तो हिच्याकडे आहे. आणि हिचं लक्ष पँट कुठे फाटलीय याकडे नसतं, कापड कुठे धड आहे याकडे असतं. त्यामुळे फाटक्या पँटला अभय. धडधाकट असेल ती आधी जाते. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्याच गुन्ह्याला ५००० रुपये दंड असं पेपरात आलं, आणि त्याच आठवड्यात माझं कपाट मोकळं झालं.

हिची शिवण मात्र मानली पाहिजे. पाय गुडघ्याखाली कापायचा, कारण गुडघ्याला कापड विरलेलं असतं. मोहरी मुळातच दुमडून शिवलेली, ते पिशवीचं आयतं तोंड. कापलेल्या बाजूला उलटून दुहेरी टीप. मग तळाचे दोन्ही कोपरे तिरके ओढून त्यांवर आडवी टीप मारली की पिशवी ओट्यावर फतकल मारून बसते. कमरपट्टी मधोमध कापली की दोन पायांच्या दोन पिशव्यांना एकेक बंद. त्यावरचे लूप तसेच ठेवायचे, किल्ली अडकवायला. बंद जोडतात तिथे चौकोन शिवून आत फुली मारायची. कांदे-बटाटे घरी येतात ते या फुलीच्या भरवशावर. इथे ही मशीनचं चाक हाताने फिरवते, कारण एवढ्या पदरांत सुई मोडते. मोडलीच तर दोष कापडाचा, म्हणजे पर्यायाने माझा.

पिशवीचा घेर ज्या त्या काळच्या फॅशनवर. माझ्या कॉलेजातल्या बेलबॉटममध्ये अख्खा कोबी बसायचा, वर मेथीची जुडी. मुलाच्या हल्लीच्या जीन्समध्ये शेवग्याच्या शेंगा तेवढ्या जातात, त्याही रांगेने.

हा मुलगा मध्ये एकदा डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल घेऊन बसला. सुती पिशवीने फक्त हवामानाच्या बाबतीत प्लॅस्टिकची बरोबरी करायची तर ती निदान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन वगैरे सगळंच धरलं तर ७१०० वेळा! आठवड्याला दोन बाजार धरून मी हिशेब केला. अडुसष्ट वर्षं.

"एवढा मी पुरायचा नाही," मी म्हटलं.

"पिशवी पुरेल," ही म्हणाली.

अर्थात तो हिशेब नव्या सुती पिशवीचा. माझ्या पँटी जुन्या, आणि टेरिकॉटच्या. टेरिकॉटात बहुधा सुतापेक्षा पॉलिएस्टर जास्त, आणि पॉलिएस्टर म्हणजे धाग्याच्या रूपातलं प्लॅस्टिकच. सरकारने पिशव्यांवर बंदी घातली, पँटींवर नाही, म्हणून नोकरीभर मी बिनदंड हिंडलो.

भाजीवाल्या मावशी आता माझ्या पँटी माझ्याआधी ओळखतात. "काका, ही राखाडी तुम्ही बँकेत घालायचात ना?" असं भर गर्दीत विचारतात, आणि सगळी रांग आधी पिशवीकडे, मग माझ्या पायांकडे बघते. मी पिशवीत टोमॅटो ओतून घेतो आणि चालू लागतो.

सध्या माझी सफारी धोक्यात आहे. हिने परवा तिचे खिसे मोजले: कोथिंबीर एकात, मिरच्या-आलं दुसऱ्यात, सुटे पैसे तिसऱ्यात. उद्या एक लग्न आहे, तिथे मी ती घालून जाणार आहे. घरी आल्यावरही काढायची नाही, असं ठरवलंय.