चाके कापणाऱ्या महोदयांस

परमपूज्य छायाचित्र-संपादक महोदय यांस,



आपण सिद्ध केलेली जुन्या रेल्वेगाड्यांची सचित्र स्मरणिका पोचली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरे, आणि आतल्या एकाही इंजिनाची ओळख पटू नये याची चोख व्यवस्था. इतकी गुप्तता संरक्षण खात्यालाही साधत नाही. त्रिवार अभिनंदन!

आधी आपल्या कात्रीला दंडवत. आमच्यासारखी अडाणी माणसे इंजिन ओळखायला बसली की पहिल्यांदा चाके मोजतात. एका बाजूने दोन लहान, तीन मोठी आणि मागे एक लहान दिसले, वर नाक गोळीसारखे टोकदार असले, की ते प्रवासी गाडीचे डब्ल्यूपी. मोठी चार निघाली तर बहुधा मालगाडीचे डब्ल्यूजी. आपण फोटो रुळांपासून वीतभर वर कापून ही कटकटच मिटवलीत. मागचा कोळसा-पाण्याचा टेंडरही गेला, त्यावरची अक्षरेही गेली. रेल्वेचे जुने नाव 'जीआयपी' आहे की नवे 'सीआर' एवढे जरी दिसले असते, तरी फोटो १९५१ च्या अलीकडचा की पलीकडचा याचा अंदाज बांधत आम्ही उगाच डोळे फोडले असते. हार घातलेले स्टेशनमास्तर मात्र टोपीसकट पूर्ण आले आहेत. त्यांना किती चाके होती हे आता निर्विवाद आहे.

आपल्या फोटोओळींविषयी काय बोलावे! 'पहिल्या फेरीची डेक्कन क्वीन, १९३०' ही वाचून मी उठून उभा राहिलो. वर चित्र टोकदार नाकाच्या डब्ल्यूपीचे, नाकावर ताराही आहे. हे इंजिन अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून भारतात आले १९४७ साली. म्हणजे राणीसाहेबांनी सतरा वर्षे आधीच ते मागवून घेतले असणार. शिवाय ही गाडी मुळात विजेवर धावायची. आपण तिच्या डोक्यावरून एक तार जाऊ दिली नाहीत, उलट धुराचा लोट मात्र हात सैल सोडून वाढवलात. कोळसा कुणी भरला, तेवढे कळवावे.

त्याच राणीचा खरा फोटो पुढे आठव्या पानावर आहे हे आपल्या लक्षात आले नसेल, आणि त्यात आपला दोष नाही. तो आपणच आरशातल्यासारखा उलटा छापलात. त्यामुळे इंजिनावरचे आकडे उलटे झाले, आणि उलटे आकडे बरे दिसत नाहीत म्हणून आपण ते पुसून टाकलेत. केवढी ही सौंदर्यदृष्टी! त्या इंजिनाच्या वर्गातले ४००६ क्रमांकाचे 'सर रॉजर लम्ली' दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. आपल्या पानावरचे त्याचे कोणते भावंड, हे विचारायची आता कुणाची छाती नाही.

रंगांबद्दल तर मी आपला जन्माचा ऋणी. डेक्कन क्वीनचे सुरुवातीला सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक चंदेरी, लाल रेघांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. कृष्णधवल फोटोत डबे उजळ दिसतात की काळपट, एवढ्यावरून कोणता संच हे ताडता येत असे. आपण सगळे हिरवेगार केलेत. पावसाळ्यातल्या खंडाळ्याला शोभून दिसतात.

मीटरगेजच्या वायपी इंजिनाखाली आपण 'पंजाब मेल' लिहिलेत, हेही धाडसच. ब्रॉडगेजच्या इंजिनाला पुढे दोन्ही बाजूंना बफर असतात, या बिचाऱ्याला मधोमध एकच. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने 'मिरज' लिहिले होते. मीच तो दिला होता, म्हणून ठाऊक. पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला १९७१ साली. त्याआधी ब्रॉडगेजची पंजाब मेल तिथे आली असेल तर ती चालत आली असेल. आपण फोटो पुठ्ठ्याला गोंदाने असा घट्ट चिकटवून परत केलात, की ती पेन्सिल आता कुणाच्या नजरेस पडायची नाही. पुरावा राखावा तर असा.

आणि 'ब्रिटिशकालीन विद्युत इंजिन'! महोदय, ते चित्तरंजनच्या कारखान्याने १९६१ साली बांधलेले डब्ल्यूसीएम-५. त्या वर्गाच्या पहिल्या इंजिनाचे नाव 'लोकमान्य'. मंडालेच्या सहा वर्षांत सरकारला जे जमले नाही, ते आपण दोन शब्दांत करून दाखवलेत. टिळक अखेर ब्रिटिशांच्या खात्यात जमा झाले.

दुसऱ्या आवृत्तीसाठी आपण माझ्याकडचे उरलेले फोटो मागितले आहेत. ही माझ्यावरची कृपाच. पण ते सगळे न कापलेले, न रंगवलेले, वर पाठीवर तारखा असलेले, असे अगदीच गबाळे आहेत. आपल्या हाती द्यायला संकोच वाटतो. घरातल्यांनीही ट्रंकेची किल्ली लपवून ठेवली आहे.

कळावे, लोभ आहे तसाच राहू द्यावा, वाढवू नये ही विनंती.

आपला नम्र,
एक चाके मोजणारा

ता. क. मुखपृष्ठावरची 'महाराष्ट्राची शान' फार देखणी आहे. ते निळे इंजिन इंग्लंडचे 'मॅलार्ड'. १९३८ साली त्याने ताशी १२६ मैलांचा विक्रम केला, तोही तिकडेच. अंगावरचा ४४६८ हा आकडा तेवढा आपल्याकडून पुसायचा राहिला आहे.