स्थळं बघणारे नाना

दिवाळीचा आकाशकंदील खाली उतरला की नानांचा मे महिना सुरू होतो. आमच्या नेरुळच्या सोसायटीत त्या सुमारास बाकीची मंडळी मेंटेनन्सची थकबाकी, गळकी टाकी आणि पार्किंगमधली परकी स्कूटर या विषयांवर भांडत असतात. नाना मात्र मनाने समुद्रकिनाऱ्यावर पोचलेले असतात. कुठल्या, ते ठरलेलं नसतं. आणि ते लवकर ठरू नये याची पुरेपूर काळजी त्यांनी स्वतःच घेतलेली असते.

असा एक तरी माणूस वाशीपासून पनवेलपर्यंतच्या प्रत्येक सोसायटीत सापडतो. साठीच्या आसपासचा, पायात चालायचे बूट, खिशात दोन चष्मे, आणि कुठलाही प्रश्न विचारला की आधी ‘किती जण आहात?’ असं विचारणारा. आमचे नाना सरकारी बँकेतून निवृत्त झाले. बँकेत त्यांनी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले. समोरचा बुडेल का, हे आधी बघायचं, ही सवय तिथलीच. समुद्राच्या बाबतीत ती आयती कामाला आली.

उपवर मुलीच्या बापाने स्थळं बघावीत तसे नाना किनारे बघतात. घराणं कसं आहे, शेजार कसा आहे, पूर्वी कोणाला काही वाईट अनुभव आलाय का, दिसायला गोरा आहे पण स्वभावाने खडकाळ निघेल का, सगळं चौकशीत. आणि सगळं जुळून आलं, आता सुपारी फुटणार असं वाटलं, की नाना म्हणतात, “बघू. कळवतो.”

या चौकशीचा एक तक्ता नानांच्या लॅपटॉपवर आहे. आडव्या ओळींत ठिकाणं, उभ्या रकान्यांत निकष. खोलीपासून वाळूपर्यंत पावलं किती, कमोड आहे का, लिफ्ट आहे का, जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर, वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि असला तर तो खोलीपासून किती लांब आहे. शेवटचा रकाना ‘संभाव्य तक्रार’. त्यात तक्रारदाराचं नाव नानांनी आधीच भरून ठेवलेलं असतं.

तक्रारदार घरचेच. नानांच्या आईंचे गुडघे जिन्याला नाही म्हणतात आणि त्यांचा गुरुवार साबुदाण्याला हो म्हणतो. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत. त्याला वायफाय आणि पापलेट, दोन्ही ताजं लागतं. सुनेला असा स्विमिंग पूल हवा, की ज्याच्या काठावर बसलं तर मागे समुद्र दिसेल. नात सीनियर केजीत. तिला वाळू आणि बादली. वहिनींचं, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींचं, मागणं सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत अवघड. त्या म्हणतात, “मला कुठेही न्या, फक्त तिथे ‘आज भाजी काय करायची?’ असं मला कोणी विचारता कामा नये.”

रोज सकाळी ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तलावाला फेऱ्या मारताना आम्हाला या संशोधनाचा दैनिक अहवाल मिळतो. पहिला निकाल अलिबागचा लागला. “ते काय ठिकाण आहे? भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रोत घातली की मांडवा आलाच. जायच्या आधीच पोचतो माणूस.” एवढं सोपं ठिकाण निवडलं, तर निवडणाऱ्याने केलं काय?

मग गोवा. गोवा नानांच्या यादीत अनेक वर्षं सन्मानाने होता. पण जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि एका गोव्याचे दोन झाले. दाबोळीला उतरायचं की मोपाला? मोपाला उतरलो तर उत्तर गोवा जवळ, पण शांतता दक्षिणेत. दक्षिणेत राहायचं तर दाबोळी बरा, पण त्या विमानाची वेळ आईंच्या गोळ्यांच्या वेळेवर येते. या एका मुद्द्यावर नानांनी अख्खा डिसेंबर काढला. शेवटी दोन विमानतळांमध्ये सापडून गोवा गेला.

तेवढ्यात २५ डिसेंबर २०२५ला आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. आम्हाला आनंद झाला. नाना दोन दिवस फिरायलाच आले नाहीत. तक्त्यातला ‘घर ते विमानतळ’ हा रकाना मुंबईचा सहार विमानतळ धरून भरला होता. तो प्रत्येक ओळीत नव्याने भरावा लागला, आणि त्यामुळे सगळ्या ठिकाणांचे मार्क बदलले. अंदमान सातव्यावरून दुसऱ्यावर आलं.

अंदमानला आईंचा भक्कम पाठिंबा होता. मराठी कुटुंबात अंदमानला कोणी नुसतं समुद्रासाठी जात नाही. १९११ ते १९२१ सावरकर ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, तिथली त्यांची कोठडी बघायची, तिथे हात जोडायचे, आणि मग एवढं आलोच आहोत तर राधानगर बीच. आई म्हणाल्या, “मला कोठडी दाखव, मग तुम्ही पाण्यात काय गोंधळ घालायचा तो घाला.” पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप, त्यामुळे नानांनी तक्त्यात नवी-जुनी दोन्ही नावं लिहिली. सगळं जुळलं. आणि मग त्यांनी सूर्यास्ताची वेळ बघितली. अंदमान इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे मे महिन्यातही तिथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. “मला सांगा,” नाना तलावाच्या कठड्याला टेकून म्हणाले, “दोनला जेवण, तीनला वामकुक्षी, साडेचारला चहा. आईंना तयार करून किनाऱ्यावर नेईपर्यंत अंधार! एवढे पैसे खर्चून सूर्यास्त चुकला, तर बोलणार कोण? आणि कोणाला?”

लक्षद्वीपबद्दल जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आल्यापासून आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण तज्ज्ञ झाला होता. तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो हे कळल्यावर नाना मात्र मनापासून खूश झाले. अर्ज, सही, शिक्का! बँक सोडल्यापासून त्यांच्या हाताला असं काही लागलं नव्हतं. अर्ज कसा भरावा हे त्यांनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. स्वतः भरला नाही.

मालदीवला आईंनी बाद केलं. ती बेटं समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच वर आहेत, असं नानांनी चहाच्या वेळी वाचून दाखवलं. “अरे,” आई म्हणाल्या, “मग भरतीला ते लोक काय करतात?” या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं. शिवाय तिथे एक बेट म्हणजे एकच रिसॉर्ट, हे कळल्यावर वहिनींनी विचारलं, “म्हणजे संध्याकाळी जरा बाहेर पडायचं तर कुठे?” नाना म्हणाले, “बाहेर समुद्र आहे.” त्यावर दोघंही बराच वेळ गप्प बसले.

बालीने नानांना विद्वान केलं. बालीतले हिंदू शक वर्ष पाळतात आणि नववर्षाच्या दिवशी, ज्याला ते न्येपी म्हणतात, अख्खं बेट बंद असतं. रस्त्यावर कोणी नाही, दिवे नाहीत, विमानतळसुद्धा बंद. २०२६मध्ये आपला पाडवा आणि त्यांची न्येपी एकाच दिवशी, १९ मार्चला आली. “आपण गुढी उभारतो, ते दिवे मालवतात. शके तेच!” हे नानांनी इतक्या रंगून सांगितलं की आम्ही तलावाला एक फेरी जास्त मारली. सहल एक पाऊलही पुढे सरकली नाही.

मॉरिशसने मात्र त्यांना खरंच हलवलं. १८३४नंतर हिंदुस्थानातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जी माणसं गेली, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांच्या पणतवंडांच्या शाळेत आजही मराठी शिकवतात, गणपती बसतात. “आपली माणसं आहेत हो तिथे!” नाना गहिवरून म्हणाले. वहिनी निवडत असलेल्या मेथीतून वर न बघता म्हणाल्या, “आपल्याच माणसांना भेटायचं, तर तुमची मावशी शृंगारतळीला आहे. सहा वर्षांत गेला नाहीत.”

राहता राहिलं कोकण. पण कोकणाचं नानांचं उत्तर जुनं आहे: “रस्ता पूर्ण झाला की जाऊ.” मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा मुलगा इंजिनीअरिंगला होता. त्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. नानांचं उत्तर तेच राहिलं.

माणूस मुळात असा नव्हता, असं वहिनी सांगतात. लग्नानंतरच्या एका दिवाळीत नाना सगळ्या गोतावळ्याला घेऊन, कुठलंही बुकिंग न करता, नुसत्या उत्साहाच्या जोरावर एका किनाऱ्यावर गेले. खोल्या नव्हत्या. अकरा माणसांना मिळून एकच मिळाली, तीही जनरेटरला खेटून. वीज रात्रभर गेलेली, म्हणजे जनरेटर रात्रभर चालू. दुसऱ्या दिवशी समुद्र फार सुंदर होता, असं वहिनींना आठवतं. बाकी कोणाला समुद्र आठवत नाही. नानांच्या मेहुणीने ती रात्र तेव्हापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि एका बाराव्यालाही सांगितली आहे. आज नानांचे भाचे, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, तो जनरेटर हुबेहूब वाजवून दाखवतात.

तेव्हापासून नानांना समुद्र कुठलाही चालतो. त्यांना असा किनारा हवा आहे, की परत आल्यावर कोणी ‘कोणी निवडलं होतं हे?’ असं विचारणार नाही. पृथ्वीवर पाणी भरपूर आहे; ही सोय कुठेच नाही. म्हणून नाना शोधत राहतात. जोवर शोध चालू आहे, तोवर त्यांनी काहीही चुकीचं निवडलेलं नसतं.

मार्चमध्ये आणीबाणी आली. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं; १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे नानांना विचार करायला आणखी दोन महिने मिळाले, आणि ते त्यांनी पूर्ण वापरले. ठरलेल्या सकाळी आठला कोकणची तिकिटं उघडली. साडेसातपासून नाना लॅपटॉपसमोर आंघोळ करून बसले होते. पनवेलहून चढायचं की ठाण्याहून, खालचे बर्थ मागायचे की आधी डबा निवडायचा, आणि उतरायचं तरी कुठे, याचा विचार पूर्ण होईपर्यंत पडद्यावर वेटिंग लिस्ट आली. नाना शांतपणे म्हणाले, “बरं झालं. घाईत काहीतरी निवडलं असतं.”

अखेर या कुटुंबाचं सुट्टीचं ठिकाण ठरवलं ते मुलाच्या मॅनेजरने. मुलाने दहा दिवस मागितले होते. मॅनेजरने गुरुवार ते रविवार दिले, तेही ‘फोन चालू ठेव’ या अटीवर. चार दिवस म्हटल्यावर बाली गेलं, मॉरिशस गेलं, अंदमान गेलं. नानांचे सगळे निकष जिथे हरले होते, तिथे त्या न पाहिलेल्या माणसाच्या एका ईमेलने अर्ध्या मिनिटात निकाल लावला. सुनेने गुहागरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय फोनवरच पक्की केली, मुलाने मोठी गाडी सांगितली, आणि पहाटे चारला सगळे निघाले. मावशीकडे चहाला थांबायचं वहिनींनी परस्पर कळवलं होतं.

नानांना करायला फक्त भरती-ओहोटी उरली. ती त्यांनी कालनिर्णय बघून, कोकणातल्या जुन्या हिशेबाने केली: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. नातीने चारही दिवस विचारलं, “आजोबा, आता पाणी येणार की जाणार?” आणि आजोबांचं उत्तर चारही दिवस बरोबर आलं. घरात कोणी नानांना एवढ्या विश्वासाने काही विचारल्याला बरीच वर्षं झाली होती.

बाकीही सगळं, वाईट म्हणजे, फारच चांगलं झालं. कशेडीच्या घाटात आईंना मळमळतं म्हणून नानांनी गोळ्या घेतल्या होत्या. गाडी बोगद्यातून गेली आणि गोळ्या तशाच परत आल्या. सुरूच्या बनातून वाळू अगदी जवळ. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, शुक्रवारी उकडीचे मोदक, रोज आमरस, आणि गावातल्या दुसऱ्या खानावळीत मुलाला मासे. आई व्याडेश्वराच्या देवळात निवांत बसल्या. पूल नव्हता, पण सुनेने समुद्रापुढेच फोटो काढले आणि मागे समुद्र आला. वहिनींना चार दिवस कोणीही भाजीबद्दल विचारलं नाही. ‘संभाव्य तक्रार’ हा रकाना पहिल्यांदाच कोरा परत आला.

पण तक्रार नाही, तसं कौतुकही नाही. सगळे म्हणत होते, मॅनेजरने रजा कापली ते एका अर्थी बरंच झालं. हे नानांच्या जिव्हारी लागलं. परत आल्यावर दोन दिवस ते फेऱ्यांना गप्प होते. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून त्यांनी तक्ता तपासला आणि एकतिसाव्या ओळीत गुहागर सापडलं. चौथ्या दिवशी सकाळी ते तलावावर जवळजवळ धावत आले. “मी पहिल्यापासून गुहागरच म्हणत होतो! लेखी आहे!”

आमच्यात सेक्टर एकोणीसचे एक नवे गृहस्थ यायला लागले आहेत. त्यांना नानांचा इतिहास माहीत नाही. ते भाबडेपणाने म्हणाले, “वा! मग आम्हालाही सांगा की एखादा चांगला बीच. डिसेंबरात जावं म्हणतोय.”

आम्ही बाकीचे नकळत दोन पावलं पुढे सरकलो. मागून नानांचा आवाज ऐकू आला, कर्जाची फाइल उघडतानाचा.

“किती जण आहात? आईवडील बरोबर? गुडघे कसे आहेत त्यांचे? असं करा, उद्या अर्धा तास लवकर या.”