ट्रेलरकाका

अमेरिकेतल्या बहुतेक महाराष्ट्र मंडळांत एक ट्रेलरकाका असतात. ओळखायची खूण सोपी : त्यांच्याकडे ट्रेलर नसतो. ज्याच्याकडे असतो तो शनिवार-रविवारी मंडळात दिसतच नाही. कुठल्या तरी स्टेट पार्कात हातमोजे चढवून संडासाची टाकी रिकामी करत असतो. ट्रेलरकाका मात्र संक्रांतीपासून कोजागिरीपर्यंत एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. बटाटेवड्यांच्या रांगेत पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, "गाडी कोणती तुमची? टो रेटिंग किती?" पुढच्याला आपल्या गाडीचा रंग आणि हप्ता, एवढंच ठाऊक असतं. मग काका सुरू होतात आणि वडे संपतात.

आमचे ट्रेलरकाका न्यू जर्सीचे. घराचं कर्ज फिटलंय, मुलगी डॉक्टर होऊन शिकागोला गेलीय, गुडघे अजून शाबूत आहेत. भारतात असते तर एव्हाना चारधाम उरकून आले असते. इथे त्यांच्या डोळ्यांपुढे यलोस्टोन आहे : मागे छोटासा कॅम्पिंग ट्रेलर, पुढे मोकळा रस्ता, शेजारी काकू. काकूंची ना नाही, अटी दोनच. "हॉटेलातल्या चादरी नकोत, आणि रात्री-अपरात्री अस्वलांच्या वाटेने संडासाला जायचं नाही."

शोध सुरू झाला तो तेरा फुटी स्कॅम्पपासून. मिनेसोटातल्या बॅकस गावी होणारा फायबरग्लासचा ट्रेलर. वजन दीड हजार पौंडांच्या आसपास. वरचा एक तुकडा, खालचा एक, मध्ये जोड. सांधे कमी म्हणून गळतीही कमी. काका इतके भारावले, की भरात येऊन काकूंना इतिहासही सांगून बसले. असल्या ट्रेलरांचा मूळ पुरुष म्हणजे कॅनडातल्या विनिपेगचा 1968 सालचा 'बोलर'. आणि तो काढणाऱ्या रे ओलेको यांनी त्याआधी काय बनवलं होतं, तर फायबरग्लासची सेप्टिक टँक!

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मी टाकीत झोपायचं?"

तेरा फुटी बाद झाला. मग सोळा फुटी. पण सोळा फुटी ओढायचा तर घरची सिएना पुरेल का? पुस्तकात टो रेटिंग 3,500 पौंड लिहिलंय खरं, पण चढावर काय? म्हणून सहा सिलिंडरची जुनी हायलँडर बघितली, 5,000 पौंड ओढणारी. आता 5,000 ओढणारी गाडी घेऊन सोळा फुटीच कशाला? वीस फुटी घेऊ, ऐसपैस न्हाणी मिळेल. पण वीस फुटीला पिकअप हवा. एफ-150 बघायला गेले, तर काकूंना चढायला स्टूल लागलं, आणि घरी येऊन फूटपट्टी लावली तर गॅरेजचं दार बंद होण्याची लक्षणं दिसेनात. पिकअप नाही म्हणजे वीस फुटी नाही. वीस फुटी नाही तर हायलँडर कशाला, सिएना बरी आहे. सिएनाला झेपेल असा निर्धास्त ट्रेलर कुठला? तेरा फुटी. "टाकी!" स्वयंपाकघरातून आवाज येतो. हे चक्र थंडीत सुरू होतं आणि उन्हाळा सरता सरता पुरं होतं, त्यामुळे कॅम्पिंगचा मोसम दरवर्षी सुखरूप टळतो.

लोक हसतात, पण काकांचं गणित पक्कं आहे. ते कळलं मंडळाच्या माजी खजिनदारांमुळे. त्यांनी मिनीव्हॅनमागे लावायला ट्रेलर घेतला; विकणारा म्हणाला होता, "आरामात ओढेल." पहिल्याच सफरीत बाजूने मोठा ट्रक गेला आणि ट्रेलरचं शेपूट असं डोलायला लागलं, की सगळ्यांच्या तोंडून भीमरूपी सुरू झालं. घरी पोचल्याबरोबर त्यांनी काकांना बोलावलं. काका आले ते न्हाणीघरातला वजनकाटा काखोटीला मारून.

आधी त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून 1,150 पौंड, त्याच्यावर नाही. "टो रेटिंग जाहिरातवाल्यांसाठी," काका म्हणाले, "हा स्टिकर आपल्यासाठी. ट्रेलरचं नाक हिचवर टेकतं ना, ते वजनही गाडीच्याच खाती." ट्रेलरचं पुस्तकातलं वजन 2,900. "हे ड्राय. ड्राय वेट म्हणजे निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पारणं फेडायच्या आधी केलेलं वजन." त्यात 25 गॅलन पाणी, म्हणजे 200 पौंडांच्या वर. गॅसचं सिलिंडर, बॅटरी. शिवाय वहिनींचा कुकर, पोळपाट, भाजणीचा डबा आणि बासमतीचं पोतं. झाले 3,400. त्याच्या 10 ते 15 टक्के नाकावर यायला हवेत; धरा 400. सासूबाई धरून पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा, 850. बेरीज 1,250. ज्या माणसाने मंडळाचा हिशेब दरवर्षी सेंटपर्यंत जुळवला, तो त्या स्टिकरकडे नुसता बघत राहिला.

मग काटा पुढे आला. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. नाक विटेपासून एक फुटावर, काटा नाकापासून दोन फुटांवर. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे नाकाचं वजन. काटा 60 वर थांबला. "एकशेऐंशी!" काकांच्या आवाजात वैद्याला नाडी सापडल्याचा आनंद होता. "नाक हलकं, म्हणून शेपूट डोलतं. मागच्या कप्प्यात काय कोंबलंय?" जनरेटर निघाला, पाण्याच्या बाटल्या निघाल्या, सतरंजीत गुंडाळलेला बार्बेक्यू निघाला. जड सामान अॅक्सलच्या पुढे आलं. टाकीतलं पाणी कॅम्पवर पोचून भरायचं ठरलं. तरी बेरीज स्टिकरच्या आकड्यात बसेना, तेव्हा सासूबाईंनी घरी थांबायची तयारी दाखवली. त्यांना तसंही जायचं नव्हतं.

त्या दिवसापासून ट्रेलर घेणारा प्रत्येक जण आधी काकांना स्टिकरचा फोटो पाठवतो. लोक घेतात, फिरून येतात, काकांना बर्फातल्या बायसनचे फोटो दाखवतात. काका फोटो मोठा करून कोपऱ्यातलं हिच बघतात.

शेवटी काकूंनीच मनावर घेतलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त जोडप्याचा जुना स्कॅम्प त्यांनी परस्पर ठरवला आणि इसारही देऊन टाकला. तेरा फुटी, पण पुढच्या अंगाला चिमुकला न्हाणी-संडास असलेला.

"अगं, पण तूच टाकी म्हणाली होतीस ना?"

"आत संडास आहे म्हटल्यावर टाकी शोभते की."

काका काटा, फळी, वीट आणि फूटपट्टी घेऊन गेले. वजन बरोबर, नाक बरोबर, टायर नवे, स्टिकरवर जागा शिल्लक. खाली वाकून, वर चढून, कपाटांत डोकं घालून पाहिलं. नाही म्हणायला एक कारण सापडेना. जोडप्यातले आजोबा कौतुकाने बघत होते. एवढ्या काळजीने घेणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. काका मात्र निकाल लागलेल्या विद्यार्थ्यासारखे नव्हे, तर शाळाच बंद झालेल्या मास्तरासारखे हिरमुसले.

परतीच्या वाटेवर बराच वेळ ते आरशात मागे बघत गप्प होते. न्यू जर्सीची पाटी दिसली तेव्हा कळी खुलली.

"अगं, मागे काही आहे असं जाणवतसुद्धा नाही. एवढंसंच ओढायचं, तर ही सिएना जरा मोठीच होतेय, नाही?"