कम्पॅटिबलवाले सर

हिंजवडीतल्या कुठल्याही एम्बेडेड कंपनीत जा, एक कम्पॅटिबलवाले सर भेटतातच. कोपऱ्यातलं टेबल, टेबलावर ऑसिलोस्कोप आणि समोरचा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतोय असा चेहरा.

संशयाला कारण आहे. प्रोसेसर, मेमरी, एसडी कार्ड यांना किती व्होल्ट द्यायचे आणि आधी कुणाला, हे बोर्डावरची पीएमआयसी नावाची चिप सांभाळते. ती कोणती, हे लिनक्सला आपणहून कळत नाही. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे याची यादी. तिच्यात 'कम्पॅटिबल' या ओळीत तसं लिहून द्यावं लागतं : कंपनीचं छोटं नाव, स्वल्पविराम, चिपचं नाव, सगळं स्मॉल लेटर्समध्ये. बीगलबोन ब्लॅक या बोर्डासाठी 'टीआय,टीपीएस६५२१७'. एवढ्या एका ओळीवर सरांचा अर्धा दिवस जातो.

नवा पोरगा म्हणतो, "सर, ही चिप जुनीसारखीच आहे. जुनंच नाव टाकू?"

"सारखीच म्हणजे? डेटाशीट काढ." डेटाशीटमध्येही सर आधी शेवटचं पान उघडतात, कुठल्या आवृत्तीत काय गुपचूप बदललं ते बघायला. "नेमकं नाव आधी, जुनं त्याच्यामागे. धाकट्या जोशांचं पार्सल धाकट्या जोशांना. ते नसले तर घरात कुणालाही. पण घर जोशांचंच आहे ना, ते बघितलंस?"

पोरगा हुशारी करून शेवटच्या आकड्यांच्या जागी एक्स टाकतो, म्हणजे अख्खं खानदान एका ओळीत. मग सरांचा आवाज कँटीनपर्यंत जातो. "६५२१७ आणि ६५२१८! फरक एका आकड्याचा, पण रजिस्टरं वेगळी, ड्रायव्हर वेगळा. भलत्या रजिस्टरात लिहिलंस तर १.१ व्होल्टच्या प्रोसेसरला ३.३ पाजशील!"

चिपा विकणारे सेल्सवाले त्यांना टाळतात. 'पिन-टू-पिन कम्पॅटिबल' असं कुणी म्हणालं की सर शांतपणे विचारतात, "पिना झाल्या. पॉवर-अप सिक्वेन्सचं काय?" चहा तसाच निवतो.

२०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एआरएम प्रोसेसरवाल्यांना कसं झापलं आणि मग एआरएमची बोर्डं डिव्हाइस ट्रीवर कशी आली, ही कथा सर स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगतात. तात्पर्य दर वेळी एकच : एकदा लिहिलेलं नाव लिनक्सच्या पुढच्या कर्नललाही पाळावं लागतं, म्हणून आत्ताच विचार कर.

वैताग येतो, खरं आहे. पण स्वल्पविराम राहिला तर लिनक्स ओरडत नाही. पीएमआयसीचा ड्रायव्हर नुसता चिकटतच नाही, आणि तिच्या भरवशावरचं एसडी कार्ड वाट बघत बसतं. ते रात्री दोन वाजता शोधून काढणारेही सरच.

तेव्हा एचआरवाल्यांना विनंती, त्यांना बढती देऊन मॅनेजर करू नका. पगार वाढवा, टेबल तेच ठेवा.