अॅम्पनं कमीपणा घ्यायचा

पोर्टेबल हेडफोन अॅम्प माणसाला नेमका कशाला लागतो, हा प्रश्न आजवर सर्वांत सरळ शब्दांत मला विचारला तो घाटकोपर मेट्रोच्या एका सुरक्षारक्षकानं. माझ्या बॅगेत मोबाइल होता. त्याच्या पाठीला काळ्या रबरबँडांनी आवळलेली एक पत्र्याची डबी, दोघांना जोडणारी बोटभर वायर आणि डबीवर एक लाल दिवा. देशाच्या सुरक्षेची थोडीशी जरी चाड असलेला माणूस ही जोडणी बघून गप्प बसला नसता.

“काय आहे हे?”

“अॅम्प्लिफायर.”

“याने काय होतं?”

“गाणं चांगलं ऐकू येतं.”

त्यानं सगळं प्रकरण उलटंसुलटं करून पाहिलं. “का? मोबाइलमधनं नाही येत?”

मागे डोंबिवलीच्या लोकलनं आणून ओतलेली गर्दी खोळंबली होती. अशा जागी ओहमचा नियम उलगडायला घेणारा माणूस मेट्रोत चढत नाही. “येतं,” एवढंच मी म्हणालो. डबी परत मिळाली. सोबत एक नजरही मिळाली. तशी नजर आमच्या घरी नेहमी असते, त्यामुळे लागली नाही.

पण प्रश्न खरा आहे. मोबाइलमधनं येतंच की! आणि त्याचं खरं उत्तर असं, की ते वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय त्यावर ठरतं.

या डबीचं घराणं फार जुनं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चू मॉय नावाच्या अमेरिकन हौशी माणसानं खिशात मावेल अशा अॅम्पचं साधं सर्किट सगळ्यांसाठी मांडलं. एक चिप, चार सुटे भाग आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. हे सगळं अल्टॉइड्स नावाच्या पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बरोब्बर बसतं, असा शोध कुणाला तरी लागला आणि जगभर लोक डब्या रिकाम्या करायच्या मागे लागले. संगीतापायी एवढ्या पेपरमिंटच्या गोळ्या खाल्लेली दुसरी पिढी नसेल. पुढे २०११ मध्ये एका निनावी इंजिनिअरनं ‘ओ-टू’ नावाच्या अॅम्पचा आराखडा मोजमापांसकट फुकट वाटला. महागडे अॅम्प यंत्रावर मोजले तर काय दिसतं, तेही तो सडेतोड लिहायचा. २०१२ मध्ये हा गृहस्थ अचानक गप्प झाला. तो कोण होता, हे जाहीरपणे कुणाला कळलंच नाही. हेडफोनच्या क्षेत्रात फुकट आणि खरं बोलणाऱ्यानं नाव लपवलं, यातच काय ते समजावं.

आता थोडं गणित. नको असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा. हेडफोन विकत घेणारे बहुतेक लोक तेच करतात. फोनला लावायच्या साध्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. तो ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा) हेडफोनला दिला तर सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती पोचते. तोच ३०० ओहमच्या हेडफोनला दिला तर जेमतेम ३.३ मिलिवॅट. म्हणजे ओहम जास्त असलेल्या पाहुण्याला व्होल्ट जास्त लागतात. पण एवढ्यावर भागत नाही. दिलेल्या मिलिवॅटमध्ये कोण किती डेसिबल आवाज काढतो, ती सेन्सिटिव्हिटी निराळी. खोक्यावर हे दोन्ही आकडे छापलेले असतात, ‘डीप बास’ या शब्दांपेक्षा बरेच लहान अक्षरांत.

आमच्या घरी ३०० ओहमचे पाहुणे आहेत ते सेनहायझरचे एचडी ६००. १९९७ पासून बाजारात असलेलं हे मॉडेल अजूनही भल्याभल्यांना पुरून उरतं. ते थेट मोबाइलला लावले की गाणं होतं, पण गाणारे पलीकडच्या इमारतीत बसलेत असं वाटतं. अॅम्प लावला की मंडळी समोर येऊन बसतात. इथे डबी कामाला येते, यात वाद नाही. अडचण अशी, की हे हेडफोन पाठीमागून उघडे असतात. जेवढं कानात जातं, जवळजवळ तेवढंच खोलीत सांडतं. हेडफोनच्या रसिकांमध्ये एक वाक्य फार जुनं आहे : “फरक एवढा, की स्वयंपाकघरात बायकोलासुद्धा कळला!” आमच्याकडे ते अक्षरशः खरं ठरलं. अॅम्प जोडल्याच्या पहिल्याच संध्याकाळी आतून आवाज आला, “अहो, किशोरीताई जरा हळू लावा, कुकरची शिट्टी मोजता येत नाहीये.”

या हेडफोनची पिन ६.३ मिलिमीटरची, डबीचं भोक ३.५ चं. मधल्या जॅकसाठी लॅमिंग्टन रोडला जावं लागतं. तिथल्या दुकानदारांना ‘साउंडस्टेज’ वगैरे शब्द आवडत नाहीत. “मोठ्याचं छोटं करायचंय का छोट्याचं मोठं?” एवढंच ते विचारतात. इतका नेमका प्रश्न मला अजून कुठल्याही समीक्षकानं विचारलेला नाही. आता बॅलन्स्ड जोडणीच्या २.५ आणि ४.४ मिलिमीटरच्या पिनाही आल्यात, त्यामुळे एका गाण्यासाठी चार मापं सांभाळणं आलं.

बायरडायनामिकचा डीटी ८८० तर ३२, २५० आणि ६०० अशा तीन ओहमांत निघाला. मॉडेल तेच, नाव तेच. आमचे एक स्नेही ६०० चा घेऊन आले, कारण आकडा मोठा. मोबाइलला लावला तेव्हा आत डास गुणगुणत असल्याचा भास झाला. मग त्या डासासाठी अॅम्प आला, अॅम्पसाठी डॅक (डिजिटल गाण्याचं अॅनालॉग करणारी डबी) आला, डॅकसाठी वायर आली. स्नेह्यांची गाण्याची आवड मूळची एवढी नव्हती. ती हप्त्यांसोबत वाढत गेली.

दुसरी जात प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याच्या हेडफोनची. यांचे ओहम थोडे दिसतात म्हणून माणूस फसतो. हायफायमॅनचा एचई-६ हा ५० ओहमचा, पण सेन्सिटिव्हिटी अवघी ८३.५ डेसिबल. त्याला करंट इतका लागतो, की लोक त्याला सरळ स्पीकरच्या अॅम्पला जोडायचे. खिशातली डबी तिथे लावली तर आवाज येतो, बॅटरी जाते आणि चेहरा पडतो. शिवाय वजन असं, की एक पूर्ण राग ऐकला तर दुसऱ्या दिवशी मान आखडलेली. ऑफिसात “काय झालं?” विचारतात, तेव्हा “काल मारवा ऐकला” असं सांगता येत नाही.

खरा घोळ घालतात ते छोटे. कानात खुपसायचे, आत तीन-तीन, चार-चार आवाज काढणारे बारीक ड्रायव्हर कोंबलेले इअरफोन. यांना शक्ती जवळजवळ लागतच नाही. दणकट अॅम्पला जोडले की गाणं सुरू व्हायच्या आधी ‘स्स्स’ असा आवाज सुरू होतो. तो अॅम्पच्या पोटातला. मोठ्या हेडफोनला तो ऐकू जात नाही, या चिमुरड्यांना सगळं ऐकू जातं. व्हॉल्यूमची खुंटी केसभर फिरवली की कान फुटतो आणि केसभर मागे घेतली की डावीकडचा गातो, उजवीकडचा थांबतो. कारण खुंटीखालच्या साध्या पोटेन्शिओमीटरच्या अगदी सुरुवातीला दोन बाजूंचं माप क्वचितच सारखं असतं. अशा वेळी डबीवरचं ‘हाय गेन–लो गेन’ लिहिलेलं बटन लोवर सारायचं. ते तिथे शोभेसाठी दिलेलं नाही, पण आमच्या स्नेह्यांच्या मते लो गेन वापरणं हा अॅम्पचा अपमान आहे.

आणखी एक भानगड अशी, की अॅम्पलाही स्वतःचे ओहम असतात. या छोट्यांच्या अंगातले ओहम प्रत्येक स्वराला बदलतात. अॅम्पचे ओहम जास्त असले तर कुठे बास फुगतो, कुठे तार सप्तक दबतं आणि तोच इअरफोन वेगळाच वाटायला लागतो. म्हणून जुना ठोकताळा असा : अॅम्पचे ओहम इअरफोनच्या ओहमच्या फार तर एक अष्टमांश असावेत. शुअरचा एसई ८४६ हा ९ ओहमचा. त्याला अॅम्प साधारण १ ओहमचा किंवा त्याहून कमी हवा. हे मी एकदा सोसायटीच्या बाकावर सांगत होतो, तेव्हा आमच्या काकू ऐकत होत्या. काकूंनी आसपासच्या तीन इमारतींमधली लग्नं जुळवलेली आहेत.

“म्हणजे दोघं सारखी नकोत?”

“नकोत, काकू.”

“अॅम्पनं कमीपणा घ्यायचा?”

“बराच. आठव्या हिश्शाइतका.”

“मग टिकेल,” काकू म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. इम्पिडन्स ब्रिजिंगवर, म्हणजे या ठोकताळ्यामागच्या तत्त्वावर, याहून नेटकं भाष्य माझ्या वाचनात नाही.

याच गणिताचा उफराटा वापर एटिमोटिक कंपनीनं केला. त्यांच्या ईआर-४पी या इअरफोनला ७५ ओहमचा रेझिस्टर असलेली वायर जोडली, की त्याचा ईआर-४एस होतो : स्वभाव बदलतो, आवाज लहान होतो आणि अॅम्प लागतो. म्हणजे पैसे देऊन आधी वाटेत अडथळा घ्यायचा आणि मग तो ओलांडायला डबी घ्यायची. मुंबईतल्या रस्त्यांवर हा अनुभव कर भरून मिळतोच.

या सगळ्यात सुखी असतो तो कॉसचा पोर्टा प्रो. १९८४ चं मॉडेल, ६० ओहम, स्पंजाच्या गाद्या, पत्र्याची पट्टी. मोबाइलला लावा, लॅपटॉपला लावा, डबीला लावा, हा गातो. अॅम्पनं त्याचं भलं होत नाही आणि बिघडतही नाही. पट्टीत केस अडकतात अशी त्याच्याविषयी तक्रार आहे. माझ्या बाबतीत ती आता उद्भवत नाही. त्याहून सुखी माझी भाची. तिच्या कानात ब्लूटूथ बड्स असतात. त्यांचा अॅम्प त्यांच्याच पोटात असतो, माझी डबी त्यांना कुठूनच जोडता येत नाही. “मामा, तुझ्या डबीला चार्जर वेगळा लागतो?” असं ती सहानुभूतीनं विचारते.

स्नेह्यांकडे मात्र शब्दसंपत्ती आहे. नवा अॅम्प लावला की ‘पडदा बाजूला होतो’, ‘तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या दिसतात’, ‘शांतता अधिक काळी होते’. बालगंधर्वांची जुनी तबकडी ऐकतानाही त्यांना काळी शांतता सापडते, जिथे मला तव्यावर तेल तडतडल्याचा आवाज येतो. अॅम्प तो आवाजही इमानानं मोठा करतो. मुळात नाही ते त्याला देता येत नाही.

एका रविवारी आम्ही त्यांचे दोन अॅम्प टेबलावर मांडले. एक त्यांच्या महिन्याच्या पगाराएवढा, दुसरा डोंगल. पोर्टा प्रो जोडला, मल्टिमीटर लावून दोन्हींचे व्होल्ट सारखे केले, वर टॉवेल टाकला आणि वायर बदलायचं काम बायकोकडे दिलं. हे व्होल्ट सारखे करणं फार महत्त्वाचं, कारण अर्धा डेसिबल जास्त वाजणारा अॅम्प कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. विक्रेत्यांना हे आपल्याआधी माहीत असतं. स्नेही डोळे मिटून बोलत होते. ‘हा उबदार’, ‘हा कोरडा’, ‘आता मंच रुंदावला’. शेवटी बायको म्हणाली, “भावजी, मी मघापासून वायर हलवलीच नाहीये. दूध उतू जात होतं.” स्नेह्यांनी चहा घेतला आणि टॉवेलच्या कापडाला दोष दिला. तोच प्रयोग एचडी ६०० वर मोठ्या आवाजात केला तेव्हा मात्र डोंगल धापा टाकतोय हे बायकोनंच आधी ओळखलं.

तेव्हा अॅम्प घ्यायच्या विचारात असलेल्यांना माझं एवढंच सांगणं. आधी आपल्याकडच्या हेडफोनचे ओहम आणि सेन्सिटिव्हिटी कागदावर लिहा. मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवूनही गाणं लांब वाटत असेल, तर डबी घ्या. इअरफोन छोटा आणि नाजूक असेल, तर ताकद विचारू नका. किती ओहमचा आणि किती शांत, ते विचारा. आणि डबी आली म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मोठ्यांची मर्यादा, आणि वर दर ३ डेसिबलला ते तास निम्मे होतात. अॅम्प बदलून मिळतो. कान मिळत नाही.