मुलगी तेवढी तुम्ही बघा

इंग्लंडातल्या हल शहरात फर्निचरचं एक दुकान होतं. ते गिऱ्हाइकाला सांगायचं, बेडरूमसाठी लागेल ते सगळं आमच्याकडे मिळेल, मुलगी तेवढी तुम्ही बघा. तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट यांनी 1982 साली गायला-वाजवायला सुरुवात केली आणि ही पाटीच नाव म्हणून उचलली: 'एव्हरीथिंग बट द गर्ल'. आपल्याकडच्या दुकानदाराला असलं काही सुचलं नसतं. आपल्याकडे मुलगीच फर्निचर घेऊन येते.

त्यांचं पहिलं गाणं म्हणजे एक गिटार आणि एक आवाज, बस्स. मी ते घरी लावलं तेव्हा सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "वाद्यवाले यायचेत का अजून?" पुढे 1995च्या सुमारास डीजे टॉड टेरीनं त्यांच्या 'मिसिंग' या गाण्याला नाचरा ठेका जोडला आणि ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. म्हणजे वाद्यवाले आले, हे सासूबाईंना कळवायचं राहिलंच.

मग 1999 साली एक अल्बम काढून दोघं थांबले. दोघांना जुळ्या मुली झाल्या होत्या, मागून मुलगा आला, आणि ट्रेसीला स्टेजवर उभं राहणं तसंही नकोसंच व्हायचं. भांडण नाही, काही नाही. राहायचे एकाच घरात (लग्नही केलं, पण पंचवीसेक वर्षं एकत्र काढून, खात्री पटल्यावर). बेन क्लबात रेकॉर्ड लावायचा, ट्रेसी पुस्तकं लिहायची, दोघांचे वेगवेगळे अल्बमही यायचे. जोडीचा मात्र एकही नाही. आणि एकदम 2023 साली 'फ्यूज' हा अल्बम आला.

चोवीस वर्षं का थांबलात, असं सगळे त्यांना विचारतात. मला त्यात काही नवल वाटत नाही. टिकलेल्या संसारात माणसं आपापली खाती वाटूनच घेतात. नवल आहे ते परत एकत्र काम करण्याचं. मी आणि नवऱ्यानं मिळून एकच काम केलंय, स्वयंपाकघराच्या टाइल्स निवडण्याचं. दुकानदारानं दोन टाइल्स पुढ्यात ठेवल्या, एक आयव्हरी, एक ऑफ-व्हाइट. त्यांतला फरक देवाला आणि दुकानदारालाच ठाऊक. तरी आम्ही त्यावरून त्याच्या माहेरापासून माझ्या सासरापर्यंत सगळं काढलं. दुकानदार मधेच म्हणाला, "वहिनी, पाणी घ्या." शेवटी गवंड्याला विचारून तिसरीच घेतली.

या दोघांनी मात्र युक्ती केली. एकत्र काही करू या, असं ट्रेसीनं सुचवलं, पण बॅन्ड परत येतोय असं एकमेकांनाही सांगायचं नाही. फायलींवर जुनं नाव न टाकता ट्रेसी आणि बेनचं मिळून 'ट्रेन' असं काहीतरी लिहून ठेवलं. कांदेपोह्याला आलेली मंडळी नाही का म्हणत, "छे, इकडून चाललो होतो, सहज डोकावलो"? आणि बरोबर पत्रिका, आत्या आणि पावशेर पेढे. 'सहज' डोकावलेला हा अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचला. त्यांच्या आधीच्या एकाही अल्बमला हे साधलं नव्हतं.

बरं, यश मिळालं म्हणून जगभर दौरा? नाव नको. 2025 साली लंडनच्या एका लहानशा क्लबात थोडं गायले, तेवढंच. आपल्याकडचे गायक एकदा निरोपाचा कार्यक्रम करतात आणि मग दर दिवाळीला निरोपच घेत राहतात.

अल्बम मी पुन्हा पुन्हा ऐकला. ट्रेसीचा आवाज वयानं खाली उतरलाय आणि त्यामुळे जास्तच लागतो. वाद्यं मोजकीच, दोन ठोक्यांमध्ये जागा इतकी की मुंबईत तेवढ्यात वन रूम किचन बसेल. काही ठिकाणी बेननं तिचा आवाज यंत्रातून काढून चांगलाच वाकवलाय. बायकोच्या आवाजात फेरफार करायचा, तोही तिच्या संमतीनं, आणि वर जगाला ऐकवायचा! हे वाचून दाखवल्यावर नवरा बराच वेळ विचारात पडला. मग त्यानं रिमोट उचलला आणि मुकाट्यानं टीव्हीचाच आवाज कमी केला.